लोक तर बोलणारच

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबर २०२४ला, मी संध्याकाळी मोबाइलवर शिकागो मॅरेथॉन बघत होतो. तिकडे सकाळ होती. केनियाच्या रूथ चेपनगेटिचने पहिले पाच किलोमीटर १५ मिनिटांत संपवले, तेव्हा मला वाटलं की हिचा अंदाज चुकलाय, ही पुढे कुठेतरी कोसळणार. ती कोसळली नाही. अर्धं अंतर १ तास ४ मिनिटं १६ सेकंदांत आणि पूर्ण मॅरेथॉन २:०९:५६मध्ये. २ तास १० मिनिटांच्या आत मॅरेथॉन पळणारी जगातली पहिली बाई. आधीचा जागतिक विक्रम तिने १ मिनिट ५७ सेकंदांनी मोडला होता. दुसरी आलेली धावपटू साडेसात मिनिटांनी मागे होती. हे किती अचाट आहे ते कळण्यासाठी आपल्याकडचा एक आकडा पुरेसा आहे. शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधरला २:१२:०० अशी वेळ दिली होती, आणि त्या रविवारी पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम तोच होता. म्हणजे तोपर्यंत एकही भारतीय पुरुष चेपनगेटिचइतका वेगात मॅरेथॉन पळाला नव्हता.

मी आमच्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "ही डोपवर आहे. लिहून ठेवा." चौदा जणांनी अंगठा दिला.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये बातमी आली की चेपनगेटिचच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलंय आणि तिला तात्पुरतं निलंबित केलंय. ग्रुपवर कुणीतरी माझा जुना मेसेज शोधून काढला, त्याचा स्क्रीनशॉट टाकला, खाली लिहिलं, "मानलं राव तुला!" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी त्या मेसेजचा मान मिरवला. तिसऱ्या दिवशी प्रश्न पडला की ऑक्टोबरमध्ये मला नेमकं काय माहीत होतं? एक घड्याळ दिसलं होतं, बस. बाकी काहीही नव्हतं.

हा लेख त्या प्रश्नातून आलाय. मी पुस्तकांवर लिहितो, धावतो हौसेने. पण गेली काही वर्षं लांब पल्ल्याच्या शर्यतींतले जाहीर आरोप मी एखाद्या लेखनप्रकारासारखे वाचतोय. आरोपालाही निवेदक असतो, सूर असतो, आणि जे लिहिलंय त्यापेक्षा न लिहिलेलं महत्त्वाचं असतं. आपण मात्र आरोप वाचतो एकाच पद्धतीने: शेवटचं पान आधी उघडून. पुढे खरा निघाला तर आरोप करणारा द्रष्टा, खोटा निघाला तर नीच. मधलं सगळं वाचायचं राहून जातं.

शिकागोतच घडलेली गोष्ट घ्या. शर्यतीनंतरच्या पत्रकार परिषदेत एका अमेरिकन पत्रकाराने चेपनगेटिचला विचारलं, की काही लोकांना ही वेळ फारच वेगवान वाटेल, त्यांना वाटेल की डोपिंग केल्याशिवाय हे जमणार नाही, तर तू त्यांना काय सांगशील? ती म्हणाली की मला काही कल्पना नाही, लोक तर बोलणारच. केनियात या प्रश्नावरून संताप उसळला. आनंदाच्या क्षणी असं विचारायचं? गोऱ्या बाईला विचारलं असतं का?

या प्रश्नाची रचना बघा. संशय पत्रकाराचा आहे, पण वाक्यात तो 'काही लोकां'चा झालाय. आपल्याकडे वाड्यावस्तीवर एखाद्या पोरीबद्दल बोलताना हीच युक्ती चालते. "मी नाही हो, लोक म्हणतात." चेपनगेटिचने उत्तरात तेच 'लोक' उचलून त्याला परत दिले. मला हे उत्तर अजूनही हुशार वाटतं, तिला पुढे शिक्षा झाली तरी. मात्र पत्रकाराच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: त्याने समोर बसून, चेहरा दाखवून विचारलं. मी सोफ्यावर बसून लिहिलं होतं.

आणि संशय हवेतून आला नव्हता. याच शिकागोच्या रस्त्यांवर रशियाची लिलिया शोबुखोवा २००९ ते २०११ अशी सलग तीन वर्षं जिंकली होती, पुढे तिचे ते निकाल रद्द झाले. केनियाची रीटा जेप्टू २०१३ आणि २०१४ला इथेच पहिली आली, आणि २०१४मध्येच तिच्या नमुन्यात ईपीओ सापडलं. केनियाच्याच जेमिमा सुमगाँगने २०१६च्या रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकली, पुढच्या वर्षी तिच्याही नमुन्यात ईपीओ. एवढा इतिहास डोक्यात असलेल्या पत्रकाराने गप्प बसावं अशी अपेक्षा करणं बावळटपणाचं आहे. माझी अडचण वेगळी आहे. त्या प्रश्नाला स्वच्छ धावपटू काय उत्तर देईल आणि डोपिंग केलेली काय देईल? दोघीही तेच म्हणतील. ज्या प्रश्नाच्या उत्तरातून काहीच कळू शकत नाही त्याला मी प्रश्न म्हणणार नाही. तो प्रश्नचिन्ह लावलेला आरोप आहे.

या प्रकारातला माझा आवडता मजकूर तीन शब्दांचा आहे. २००१, कॅनडातलं एडमंटन, जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा. रशियाच्या ओल्गा येगोरोवाच्या लघवीत त्याआधी पॅरिसच्या शर्यतीत ईपीओ सापडलं होतं. ईपीओ म्हणजे शरीराला जास्त तांबड्या पेशी बनवायला लावणारं संप्रेरक. पेशी वाढल्या की रक्तातून स्नायूंना जास्त ऑक्सिजन मिळतो. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे लघवीसोबत रक्ताचीही चाचणी हवी होती, ती पॅरिसमध्ये झालीच नव्हती. त्यामुळे निकाल बाद, येगोरोवा मैदानात. तिच्या ५,००० मीटरच्या प्राथमिक फेरीच्या वेळी ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ आपल्या संघातल्या हेली टलेटबरोबर प्रेक्षकांत उभी राहिली, हातात हाताने लिहिलेला फलक: 'ईपीओ चीट्स आउट'. ईपीओ घेणाऱ्या लबाडांनो, चालते व्हा. सुरक्षारक्षकांनी फलक काढायला लावला. येगोरोवाने सुवर्णपदक जिंकलं, लोकांनी तिची हुर्यो उडवली.

फलकावर नाव नाही, अनेकवचन आहे. तरी स्टेडियममधल्या प्रत्येकाला माहीत होतं की ते अनेकवचन कुणा एकीसाठी आहे. पण माझ्या मेसेजमध्ये आणि या फलकात एक मोठा फरक आहे. फलकामागे एक ठरावीक कागद होता: प्रयोगशाळेचा निकाल, जो तांत्रिक कारणाने बाद झाला होता. रॅडक्लिफचं म्हणणं त्या कागदाबद्दल होतं. शिवाय ती स्वतः त्याच मैदानात धावणारी होती, उद्या आपल्याकडेही कुणी बोट दाखवेल हे तिला कळत असणार. आपला रक्तचाचणीला पाठिंबा आहे हे दाखवायला ती लाल फीत लावून धावायची.

२००८मध्ये येगोरोवासह सात रशियन महिलांवर कारवाई झाली. त्यांनी दिलेल्या नमुन्यातली लघवी त्यांची नव्हतीच, डीएनए जुळत नव्हता. झालं, लोकांनी रॅडक्लिफला बरोबर ठरवून टाकलं. पण २००८ला जे सिद्ध झालं ते नंतरच्या नमुन्यांबद्दल होतं, पॅरिसच्या त्या दिवसाबद्दल नव्हतं. माझ्या स्क्रीनशॉटसारखंच हेही. पुढचं पाप सापडलं की मागचा संशय आपोआप पुरावा होतो, हे गणित आपण इतक्या सहज मांडतो की त्यातली उडी दिसतही नाही.

रॅडक्लिफकडे आपण परत येऊ. त्याआधी एक फिल्म.

३ डिसेंबर २०१४ला जर्मनीच्या एआरडी वाहिनीवर हायो झेपेल्ट या पत्रकाराचा माहितीपट दाखवला गेला. रशिया आपले विजेते कसे घडवतो हा त्याचा विषय. फिल्म म्हणून तो साधाच आहे. दबकं संगीत, उगाच गंभीर निवेदन, लपवलेल्या फोनची हलती चित्रं. तरीही मी तो पुन्हा पाहू शकतो, आणि त्याचं श्रेय युलिया स्टेपानोवाला आहे. ही ८०० मीटरची रशियन धावपटू. तिचा नवरा विताली रशियाच्या डोपिंगविरोधी संस्थेतच काम केलेला. ती दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी सांगते की मी स्वतः घेत होते, मला शिक्षा झालीय. आरोप करणारी स्वतःला यादीत पहिल्या नंबरवर घालते, आणि त्यामुळे पुढचं प्रत्येक वाक्य ऐकावं लागतं.

तिने सहकाऱ्यांशी झालेली बोलणी चोरून टिपली होती. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमधली ८०० मीटरची विजेती मारिया साविनोवा त्यात एखाद्या मैत्रिणीशी बोलावं तसं औषधाबद्दल बोलताना दिसते. पुढे साविनोवाचं पदक गेलं. तो प्रसंग बघताना मला ओशाळल्यासारखं झालं. विश्वासाने बोलणाऱ्या माणसाचं हे रेकॉर्डिंग आहे. पर्याय नव्हता हे पटतं, पण त्या विश्वासघाताची किंमत स्टेपानोवाने मनात कशी चुकवली यावर फिल्म मला हवी तितकी थांबत नाही. तिला पुढच्या बातमीकडे धावायचंय. बातमीही तशीच होती म्हणा: शोबुखोवाने, होय, शिकागोवालीनेच, आपलं प्रकरण दाबून २०१२चं ऑलिंपिक पळता यावं म्हणून ४,५०,००० युरो दिले होते. त्यातले ३,००,००० तिला ज्या कंपनीमार्फत परत आले ती सिंगापूरची, नाव 'ब्लॅक टायडिंग्ज'. जागतिक डोपिंगविरोधी संस्था 'वाडा'च्या आयोगाच्या अहवालात या नावाचा हिंदीत अर्थ काळाबाजार असा होतो असं म्हटलं गेलं, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते जसंच्या तसं छापलं. हिंदी येणाऱ्या कुणालाही एक फोन लावला असता तर कळलं असतं की असा शब्दच नाही. एवढ्या मोठ्या, एरवी खऱ्या ठरलेल्या तपासातही एक वाक्य असं शिरू शकतं.

जागतिक महासंघाचे माजी अध्यक्ष लामिन डियाक यांना या प्रकरणांत पॅरिसच्या न्यायालयाने २०२०मध्ये शिक्षा सुनावली. स्टेपानोवाला मात्र रिओला धावू दिलं नाही, कारण ती स्वतः डोपिंग केलेली. जिने सांगितलं म्हणून सगळं कळलं, तिलाच दार बंद.

आता २०१५. ऑगस्टमध्ये एआरडी आणि लंडनच्या 'संडे टाइम्स'ने महासंघाकडून फुटलेली माहिती छापली: २००१ ते २०१२ या काळातल्या सुमारे ५,००० खेळाडूंच्या १२,००० रक्तचाचण्या. दोन तज्ज्ञांनी त्या तपासल्या आणि ८००हून अधिक खेळाडूंचे आकडे संशयास्पद ठरवले. नावं बहुतेक छापली नव्हती. ८ सप्टेंबरला ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली, त्यात अध्यक्ष जेसी नॉर्मन बोलता बोलता म्हणाले की लंडन मॅरेथॉनचे विजेते किंवा पदकविजेते, कदाचित ब्रिटिश खेळाडू, संशयाखाली आहेत. नाव घेतलं नाही. पण त्या यादीच्या काळात लंडन मॅरेथॉन जिंकलेली ब्रिटिश धावपटू होती एकच. २००२, २००३, २००५: पॉला रॅडक्लिफ.

मी वाचलेल्या आरोपांमधला हा सगळ्यात वाईट मजकूर. फलकावर अनेकवचन होतं तरी फलक धरणारीचे हात दिसत होते. इथे बोलणाऱ्याला संसदेचं कवच, त्याच्यावर खटलाही भरता येत नाही. ऐकणाऱ्याने फक्त बेरीज करायची. तिने त्याच दिवशी लांबलचक निवेदन काढून सगळं नाकारलं. ते निवेदन वाचताना जाणवतं की माणूस स्वच्छ असल्याचं सिद्ध करायला भाषेत वाक्यच नाहीत. 'मी कधीच घेतलं नाही' हे वाक्य प्रत्येक लबाडाने आधीच वापरून झिजवलेलं आहे.

तिचे तीन आकडे फुटले होते, सगळ्यात मोठा ११४.८६. समुद्रसपाटीवर बायकांसाठी धोक्याची रेघ १०३. भयंकर दिसतं. पण हा आकडा बनतो कसा ते बघू. रक्ताच्या लिटरमागे हिमोग्लोबिन किती ग्रॅम ते घ्यायचं, आणि कोवळ्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीचं वर्गमूळ काढून, त्याला ६०ने गुणून त्यातून वजा करायचं. हिमोग्लोबिन १४० आणि कोवळ्या पेशी १ टक्का असतील तर उत्तर ८०. ईपीओ घेऊन थांबवलं किंवा साठवलेलं रक्त परत चढवलं, की हिमोग्लोबिन चढं राहतं आणि शरीर नव्या पेशी बनवायचं कमी करतं. १५० आणि ०.३६ टक्के धरा: उत्तर ११४. लबाडी पकडायला हे सूत्र फार सुंदर आहे.

पण कडक उन्हात एकवीस किलोमीटर पळून आल्यावर लगेच रक्त काढलं तर? घामाने रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, तेवढंच हिमोग्लोबिन दाट दिसतं, आकडा फुगतो. रॅडक्लिफचा एक नमुना २००३मध्ये पोर्तुगालमधल्या हाफ मॅरेथॉननंतर असाच घेतलेला होता. २००९पासून खेळाडूंचा जैविक पासपोर्ट आला, म्हणजे एकेका आकड्याऐवजी त्याच माणसाच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र वाचायच्या, आणि व्यायामानंतर दोन तास थांबून रक्त घ्यायचं. एका ओळीवरून कवी ठरवू नये हे आपण समीक्षेत शिकतो, ते शास्त्रज्ञांनी नियमातच लिहून ठेवलं.

नोव्हेंबर २०१५मध्ये महासंघाने सांगितलं की तिच्यावरचा आरोप अर्धवट माहितीच्या चुकीच्या वाचनातून आला. सुटली? पूर्ण नाही. कारण त्याच महिन्यात त्याच महासंघाच्या माजी अध्यक्षावर, डोपिंग लपवायला पैसे खाल्ल्याच्या संशयावरून, फ्रान्समध्ये चौकशी सुरू झाली होती. निर्दोषत्वाचा दाखला मिळाला तो अशा कचेरीतून. मला रॅडक्लिफ स्वच्छ वाटते. 'वाटते' हा शब्द मी मुद्दाम ठेवतोय.

खोट्या ठरलेल्या आरोपाचं उदाहरण आपल्या देशातही आहे, पण विशीतल्या कुणाला विचारा, आठवत नाही. पंजाबची सुनीता राणी. २००२च्या बुसान आशियाई स्पर्धेत १,५०० मीटरला सुवर्ण, ५,०००ला कांस्य. मग नमुन्यात नँड्रोलोन सापडल्याचं जाहीर झालं, पदकं काढून घेतली. नंतर चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेच्या नोंदींतच विसंगती सापडल्या, आणि २००३मध्ये पदकं परत मिळाली. आरोपाची बातमी ठळक होती. परतीची किती ठिकाणी तेवढी ठळक छापली गेली असेल?

हे सगळं लिहिताना मला आमच्या ग्रुपमधल्या एक ताई आठवत राहिल्या. चाळिशी ओलांडल्यावर धावायला लागलेल्या. २०२४च्या हिवाळ्यात एका हाफ मॅरेथॉनमध्ये त्यांची वेळ अचानक अकरा मिनिटांनी सुधारली. निकालात एका टायमिंग मॅटवर त्यांच्या चिपची नोंद दिसत नव्हती. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ताईंना शॉर्टकट सापडला वाटतं 😄". हसण्याचे इमोजी आले, त्यात माझाही होता. ताईंनी घड्याळातला नकाशा टाकला. कुणीतरी म्हणालं, घड्याळ काय, कुणाच्याही हातावर बांधता येतं. आठवड्याने आयोजकांनी कळवलं की त्या मॅटवर बऱ्याच जणांच्या नोंदी गळल्या होत्या. तोवर ग्रुपमध्ये ती करडी ओळ येऊन गेली होती, ताई बाहेर पडल्याची. फोन करावा असं मला चार-पाच वेळा वाटलं.

चेपनगेटिच प्रकरणातला शेवटचा कागद ऑक्टोबर २०२५चा, ॲथलेटिक्स इंटिग्रिटी युनिटचा. मी वाचलेल्यांत सगळ्यात रुक्ष, आणि मला सगळ्यात जास्त भावलेला. १४ मार्च २०२५ला घेतलेल्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड, मिलिलिटरमागे ३,८०० नॅनोग्रॅम. नोंद करायची किमान मर्यादा २०. हे नाव अवघड वाटलं तरी औषध आपल्या घरातलं आहे. आईच्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर बहुतेक तेच. लघवी वाढवतं, आणि त्या पातळ लघवीत दुसरं काही असेल तर ते लपू शकतं, म्हणून बंदी. आधी तिला हे कसं आलं ते सांगता आलं नाही, मग तिने सांगितलं की बरं नव्हतं म्हणून घरकाम करणाऱ्या बाईचं औषध घेतलं होतं. युनिटला हे पटलं नाही. मलाही नाही, पण हे स्पष्टीकरण वाचून मी जरा थबकलो, कारण कपाटातलं काही हरवलं की पहिलं नाव कुणाचं येतं हे आपल्याला सांगायला नको. अमेरिकेच्या शेल्बी हूलिहानने २०२१मध्ये डुकराच्या मांसाच्या बरिटोला दोष दिला होता. तिच्या बरिटोवर मात्र कितीतरी लोकांनी महिनोन्‌महिने विश्वास ठेवला.

तीन वर्षांची बंदी. तिच्या फोनमधल्या मजकुरामुळे संशय वाढतो आणि तपास चालू राहील, असंही युनिटने सांगितलं. पण १४ मार्च २०२५च्या आधीच्या निकालांना हात लावला नाही. २:०९:५६ हा विक्रम कायम. ग्रुपवर यावरून शिव्यांचा पाऊस पडला, "सेटिंग" वगैरे. मला मात्र त्यातली शिस्त दिसली. हातात मार्चचा नमुना आहे, तर मार्चबद्दलच बोलायचं. ऑक्टोबरबद्दल आमच्याकडे काय आहे? काही नाही. मग ऑक्टोबरबद्दल गप्प.

हे लिहिण्याआधी मी तो जुना मेसेज शोधला. स्क्रीनशॉटमध्ये फक्त माझी ओळ आणि चौदा अंगठे होते. खऱ्या ग्रुपमध्ये त्याच्या बरोबर खाली, दोनच मिनिटांनी, ताईंचा मेसेज आहे. "काय पळाली हो ती! माझ्या अंगावर काटा आला." त्याला कुणी काही दिलेलं नाही.